संध्याकाळी काँप्युटर बंद करायचा की नाही?

डिचोलीतल्या माझ्या पहिल्या ऑफिसात हिशेब बघणारे एक काका होते. संध्याकाळी निघताना मी काँप्युटर बंद करायला लागलो की ते म्हणायचे, "असू दे रे चालू! सारखं बंद-चालू केलं की मशीन मरतं." बीई होऊनही मला उत्तर सुचायचं नाही. मग काँप्युटर तसाच चालू ठेवून मी पेडण्याची वाट धरायचो.

काकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. जुन्या हार्ड डिस्कवर दर वेळी नव्याने फिरायला लागताना ताण यायचा. पण दिवसातून एकदा बंद केल्याने आजचा काँप्युटर बिघडत नाही. एसएसडीत तर फिरणारं काहीच नसतं. स्क्रीनसेव्हरनेही वीज वाचत नाही. जुन्या जाड पडद्यांवर एकाच चित्राचा डाग पडू नये म्हणून तो आला होता.

पडद्यासकट एक डेस्कटॉप नुसता चालू राहिला तर ढोबळमानाने 60 वॅट खातो, असं धरू. संध्याकाळी 6 ते सकाळी 9, पंधरा तास, म्हणजे 900 वॅट-तास. जवळजवळ एक युनिट. वीस काँप्युटरांच्या ऑफिसात रोज रात्री 18 युनिट, तेही कोणासाठीच नाही. गोव्याची बरीचशी वीज कोरबा, रामागुंडमसारख्या दूरच्या कोळसा केंद्रांतून येते. मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या तम्नार वाहिनीवरून आपल्याकडे केवढा वाद झाला! त्या वादात दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांची ऑफिसंही रात्री उजळलेलीच असणार.

पण मी शहाणा झालो तो बिलामुळे नव्हे. मे महिन्यातल्या एका शनिवारी रात्री वळवाचा पाऊस कोसळला, विजा कडाडल्या. सोमवारी बघतो तर तीन काँप्युटर मेलेले. त्यात काकांचा एक, आणि बॅकअप दोन महिन्यांपूर्वीचा. काका पुढचे कितीतरी दिवस बिलं पुन्हा टाइप करत बसले. एक शब्द बोलले नाहीत, आणि मलाच जास्त वाईट वाटलं.

तेव्हा कळलं की नुसतं शटडाउन पुरत नाही. प्लग भिंतीत असेल तर बंद मशीनही जळू शकतं, आणि विजेचा झटका इंटरनेटच्या तांब्याच्या वायरीतूनही येतो. यूपीएस चार्ज होत राहतो, तोही थोडी वीज खातोच.

जेवायला जाताना स्लीप पुरे. त्यात मशीन दोन-चार वॅटच घेतं. मात्र लाईट गेली आणि यूपीएसने दम तोडला तर न साठवलेलं काम जातं, म्हणून आधी फाइल सेव्ह करा. सर्व्हर आणि रात्री बॅकअप घेणारं मशीन चालू राहू द्या. बाकी सगळी संध्याकाळी बंद. चवथीच्या सुट्टीत मात्र प्लग काढा, राउटरचासुद्धा, आणि बाहेरून येणारी वायरही.