बुडालेल्या जहाजाचं काय करायचं?



"पीएचडी कशात करतेस?" या प्रश्नाला "बुडालेल्या जहाजांवर" असं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. माझ्या मामाने तर सरळच विचारलं, "अगं, बुडालं ते बुडालं. आता त्यात काय राहिलंय?" आजची पोस्ट मामासाठी, आणि हाच प्रश्न पडलेल्या तुमच्यासाठीही.

उदाहरण घेऊ 'एन्व्हँसिब्ल'चं. नावाचा अर्थ 'अजिंक्य'. हे फ्रेंच आरमाराचं जहाज १७४४ मध्ये रोशफोर इथं बांधलं गेलं. तोफा ७४. अवघ्या तीन वर्षांत अजिंक्य जिंकलं गेलं! मे १७४७ मध्ये हिंदुस्थानकडे निघालेल्या फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना ते सोबत करत होतं. स्पेनच्या केप फिनिस्टेअरजवळ अॅडमिरल अॅन्सनच्या मोठ्या ब्रिटिश ताफ्याने त्यांना गाठलं. संख्याबळापुढे इलाज चालला नाही. जहाज पकडलं गेलं, आणि तेच नाव इंग्रजी उच्चाराने घेऊन ब्रिटिश आरमारात दाखल झालं.

खरी गंमत इथून पुढे आहे. पकडलेलं जहाज ब्रिटिशांनी बारकाईने मोजलं. लांबी भरली सुमारे १७१ फूट, म्हणजे त्यांच्या ७० तोफांच्या जहाजांपेक्षा दहा फुटांहून जास्त. आता तुम्ही म्हणाल, दहा फुटांनी असा काय फरक पडतो? बराच पडतो. सगळ्यात जड तोफा सगळ्यात खालच्या मजल्यावर असतात. त्या वर ठेवल्या तर जहाज कलंडेल. पण आखूड जहाजावर भरपूर तोफा लादल्या की ते पाण्यात खोल बसतं, आणि तोफांच्या खिडक्या लाटांच्या जवळ येतात. मग समुद्र जरा खवळला की पाणी आत येऊ नये म्हणून झडपा बंद कराव्या लागतात. थोडक्यात, ऐन लढाईत सगळ्यात भारी तोफा मुक्या! लांब जहाजाला जास्त पाणी उचलून धरतं, त्यामुळे खिडक्या उंच राहतात. शिवाय लांब जहाज पळतंही जोरात.

मग ब्रिटिशांनी लगेच नक्कल केली का? नाही. कुठलं जहाज किती लांब-रुंद असावं याचे त्यांचे नियम ठरलेले होते, आणि ते बदलायला अधिकारी तयार नव्हते. पण १७५१ मध्ये आरमाराच्या प्रमुखपदी आला तोच अॅन्सन. १७५५ मध्ये थॉमस स्लेड नावाचा नवा आराखडाकार नेमला गेला आणि चित्र पालटलं. 'व्हॅलियंट' आणि 'ट्रायम्फ' ही दोन जहाजं तर थेट 'इन्व्हिन्सिबल'च्या मापांवरून बांधली. पुढे ७४ तोफांचं जहाज हाच ब्रिटिश आरमाराचा कणा झाला. १८०५ मध्ये ट्रफाल्गरला फ्रेंचांना हरवणाऱ्या २७ मोठ्या ब्रिटिश जहाजांपैकी १६ जहाजं ७४ तोफांचीच होती. आपल्या मुंबईच्या गोदीतही वाडियांनी याच वर्गाची जहाजं सागवानात बांधली. १८१० चं 'मिंडेन' त्यातलंच.

मूळ जहाजाचा शेवट मात्र साधासुधा झाला. फेब्रुवारी १७५८ मध्ये कॅनडातल्या लुईबूर्गच्या मोहिमेवर निघताना नांगर अडकला, सुकाणू जाम झालं, आणि पोर्ट्समथच्या तोंडाशीच ते वाळूत रुतलं. तीन दिवसांनी ते कुशीवर पडलं. लढाई नाही, तोफ नाही. १९७९ मध्ये एका कोळ्याचं जाळं तळाशी कशात तरी अडकलं, तेव्हा ते पुन्हा सापडलं.

आता मामाचा प्रश्न. मोजमापं कागदावर आहेतच, मग खाली जायचं कशाला? कारण कागदावर जहाजाचा आकार कळतो, जहाजातलं जगणं कळत नाही. हे तर मोहिमेसाठी सामान भरून निघालेलं जहाज. त्यामुळे दोरखंड, पिंपं, चपला, वेळ मोजायची वाळूची घड्याळं असं सगळं जागच्या जागी बुडालं. वाळूखाली हवा पोहोचत नाही, म्हणून अडीचशे वर्षं टिकलं.

पण वाळू सरकते. उघडं पडलेलं लाकूड सागरी किडे पोखरतात, उरलेलं लाटा नेतात. म्हणूनच २०१७ ते २०१९ या काळात तिथं घाईने उत्खनन झालं. त्याचा पैसा आला बँकांना झालेल्या दंडातून! बुडालेलं जहाज सुरक्षित असतं, हा आपला गैरसमज. ते दुसऱ्यांदाही नाहीसं होऊ शकतं, आणि दुसऱ्या वेळी कुठलंच जाळं अडकणार नाही.

तर मामा, राहिलंय बरंच. फक्त वेळ कमी आहे.

तुमचे प्रश्न खाली नक्की विचारा. पुढच्या वेळी बोलू लाकूड पोखरणाऱ्या त्या किड्यांबद्दल.