हवेतला पैलवान आणि त्याला झेलणारा

आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं, की व्याख्यानाच्या मंचावर टीव्हीवरची कुस्ती कशाला? ती तर खोटी असते. बरोबर आहे, निकाल आधीच ठरलेला असतो. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, नुरा कुस्ती. तालमीत तो शिवीसारखाच वापरतात. पण आज आपल्याला निकालाबद्दल बोलायचंच नाही. रिंगच्या कोपऱ्यातल्या सर्वांत वरच्या दोरावर उभा राहून जो माणूस उलटी कोलांटी घेत खाली येतो, तो खाली येतो कसा, आणि जिवंत कसा राहतो, एवढंच बघायचं आहे. निकाल नुरा असेल, गुरुत्वाकर्षण नुरा नसतं.

आणि हा विषय नाशिकला परका आहे असंही नाही. ते कसं, ते पुढे येईलच.

आधी एक साधा प्रश्न. आपल्या मातीतल्या कुस्तीत पैलवान उडी का मारत नाही? ताकद नाही म्हणून? मुळीच नाही. हजार बैठका काढणाऱ्याच्या मांड्यांत उडी मारण्याची ताकद असतेच. तरी वस्ताद पहिल्या दिवसापासून ओरडत असतात ते 'कंबर खाली, पाय जमिनीला'. कारण सरळ आहे. जोर लावायला जमीन लागते. दोन्ही पाय सुटले की तुमचा भारमध्य कुठल्या वाटेने जाणार आणि कुठे उतरणार हे त्याच क्षणी ठरून गेलं. हवेत असताना हातपाय कितीही झाडा, ती वाट बदलत नाही. समोरच्याने फक्त हातभर बाजूला सरकायचं, आणि तुम्ही आपले आपण चीतपट! आपल्या डावांची नावं आठवून बघा. धोबीपछाड, कलाजंग, ढाक. यात उडवायचं असतं ते दुसऱ्याला. स्वतः उडण्यावर आपल्या कुस्तीने कधी पैसे लावले नाहीत.

म्हणजे लढत खरी असेल तर उडणं वेडेपणाचं. उडी यशस्वी व्हायची असेल तर समोरचा जागेवर थांबायला हवा. आजच्या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. टीव्हीवर आपण उडणाऱ्याकडे बघतो, टाळ्या त्याला पडतात. कारागिरी मात्र निम्म्याहून जास्त खालच्याची असते.

थोडा हिशेब करू. कंटाळू नका, शाळेतलाच आहे. दोरावर उभ्या माणसाचा भारमध्य साधारण दोन मीटर खाली येतो असं धरा. त्याला लागतात सुमारे ०.६४ सेकंद, आणि शेवटी वेग होतो ताशी २२ किलोमीटरच्या आसपास. सायकलवरून उताराला लागल्यासारखा. हा वेग काही भयंकर नाही. भयंकर काय, तर तो किती अंतरात शून्यावर येतो ते. पाच सेंटिमीटरमध्ये थांबलात तर शरीरावर सरासरी तुमच्या वजनाच्या चाळीस पट जोर येतो. ८० किलोच्या माणसावर तीन टनांहून जास्त. तेच थांबणं पंचवीस सेंटिमीटरवर पसरलं, तर आठ पट. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतात ना, तेच तत्त्व.

आता रिंग आठवा. लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळ फोम आणि ताणलेलं कॅनव्हास. फळ्या थोड्या लवचीक असतात, पण ती काही गादी नव्हे. दोरांपलीकडे खाली तर नुसती पातळ मॅट टाकलेली जमीन. मग ते पंचवीस सेंटिमीटर आणायचे कुठून? ते खालचा माणूस देतो. रिंगबाहेर उभा असलेला पैलवान अंगावर झेप येताना दोन्ही हात छातीपुढे आणतो, उडणाऱ्याला काखेखाली आणि कमरेला धरतो, आणि त्याच क्षणी मागे जात पाठीवर पडतो. आपल्याला दिसतं, की झेपेने तो आडवा झाला. प्रत्यक्षात त्याने झेल घेतलेला असतो. आणि पडतानाही त्याची हनुवटी छातीला टेकलेली असते, पाठ सपाट असते, हात दोन्ही बाजूंना पसरून आपटलेले असतात, म्हणजे धक्का एका मणक्यावर न येता सगळ्या पाठीवर वाटला जातो. ज्यूदो शिकलेल्यांना ही रीत लगेच ओळखू येईल.

खालचा आडवा पडलेला असेल तेव्हाही तो निपचित नसतो. 'मूनसॉल्ट' घ्या. उडणारा पाठमोरा उभा असतो, मागे कोलांटी घेतो आणि पोटावर उतरतो. गिरकीचा पहिला अर्धा भाग त्याला खालचं काहीही दिसत नाही! खालचा बरोबर त्याच ठिकाणी पडलेला आहे, या भरवशावर त्याने पाय सोडलेले असतात. नीट उतरलेल्या मूनसॉल्टमध्ये वजन जातं ते उडणाऱ्याच्या तळव्यांवर आणि गुडघ्यांवर. खालच्याच्या छातीला छाती लागते, ती प्रेक्षकांना दिसण्यापुरती.

हे सगळं कुठून आलं? एका देशाचं नाव घ्यायचं तर मेक्सिकोचं. तिथे १९३३ साली साल्वादोर लुतेरोत यांनी व्यावसायिक कुस्तीची कंपनी काढली आणि 'लुचा लिब्रे' हा प्रकार रुजला. मुखवटे, रंगीत पोशाख आणि उड्या. तिथले बरेच पैलवान चणीने लहान होते, आणि उडायला लहान शरीर सोयीचंच. ७० किलोच्या माणसाला झेलणं आणि १३० किलोच्याला झेलणं यात किती फरक पडतो, ते मघाच्या हिशेबात घालून बघा. मग हे वारं जपानला गेलं. २३ एप्रिल १९८१ ला टोकियोत 'टायगर मास्क' या मुखवट्याआड सातोरू सायामा उतरला, समोर इंग्लंडचा डायनामाइट किड. वेग, लाथा आणि कोलांट्या यांचं ते मिश्रण पुढच्या पिढीने पाठच केलं. नव्वदच्या दशकात केबल आलं, आणि आपल्याकडच्या पोरांच्या दप्तरात ट्रम्प कार्ड आली. अंडरटेकरची उंची किती आणि वजन किती हे पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ असायचं. (तो जवळजवळ सात फुटी माणूसही वरच्या दोरावरून बाहेर झेप घ्यायचा. ती झेलणाऱ्यांचं आम्हाला जास्त कौतुक वाटतं.)

महाराष्ट्रात मात्र ही कुस्ती टीव्हीच्याही आधी येऊन गेली होती. 'फ्री-स्टाइल' म्हणत लोक मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारा सिंग आणि किंग काँग बघायला गर्दी करत. २९ मे १९६८ ला मुंबईतच दारा सिंग यांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. पण ती सगळी दणकट, जमिनीवरची कुस्ती. उड्यांचा जमाना आपल्या मातीवर खऱ्या अर्थाने दिसला तो 'रिंग का किंग'मध्ये. त्याचं चित्रीकरण पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात झालं, आणि जानेवारी २०१२ पासून ते कलर्स वाहिनीवर आलं. आता गंमत बघा. त्याच बालेवाडी संकुलात जानेवारी २०२० मध्ये नाशिककडून उतरलेल्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेला ३-२ असं हरवून महाराष्ट्र केसरीची गदा आणली. एकच संकुल, आणि दोन कुस्त्या. एकीत पाय जमिनीवरून सुटला की घात, दुसरीत पाय सुटल्याशिवाय तिकीट खपत नाही.

आता नाशिककडे येऊ. कुस्तीसाठी माणसाला हवेत न्यायची कल्पना मेक्सिकोच्या कितीतरी आधी आपल्याकडे होती, आणि तिची कथा याच जिल्ह्यात घडते. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल आले आणि त्यांनी आव्हान दिलं. कुणी पुढे होईना. ते आव्हान उचललं बाळंभटदादा देवधर या तरुणाने, तयारीला मुदत मागून घेतली आणि थेट वणीला सप्तशृंगीच्या गडावर गेला. तिथे देवीचा प्रसाद आणि मारुतीचा दृष्टान्त होऊन त्याला लाकडी खांबावरची कसरत सुचली, आणि परत येऊन त्याने गुलाबला लोळवलं, अशी परंपरा सांगते. दृष्टान्ताचं ज्याने त्याने ठरवावं. पण गडावर गेलेल्या कुणालाही तिथली माकडं आठवत असतील. फांदीला पायाने धरून हात मोकळा सोडणारं माकड बघून एखाद्या कुस्तीगिराला काही सुचलं नसेल तरच नवल! मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'तही आहे, म्हणजे बाळंभटदादांनी त्याला नव्याने उभं केलं असं म्हणणं जास्त योग्य.

मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. नावातच सगळं आहे. शिसव किंवा सागवानाचा, बुंध्याकडून वर निमुळता होत गेलेला, वर मान आणि बोंड. त्याला एरंडेल चोळतात. खांब हा न दमणारा प्रतिस्पर्धी. त्याला अढी घालायची, म्हणजे हातांनी धरून उलटं होत मांड्यांची पकड बसवायची आणि हात सोडायचे. मग तेढी, फरारे, सुईदोरा, उड्या. हे सगळं करून मल्ल पुन्हा मातीत उतरायचा तेव्हा त्याची पकड, पाठीची लवचीकता आणि उलटं असतानाही दिशा न चुकण्याची सवय, हे सगळं कुस्तीत कामाला यायचं. मल्लाने हवेत शिकायचं आणि वापरायचं जमिनीवर, असा तो व्यवहार होता. पुढे मल्लखांब स्वतंत्र खेळ झाला, त्याच्या स्पर्धा सुरू झाल्या, २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर जागतिक स्पर्धाही झाली. या प्रवासात कुस्तीशी असलेली त्याची नाळ मात्र बरीच सुटली. आमच्या मते हे तालमींचं नुकसान आहे, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

खांबावरचा खेळाडू आणि रिंगमधला उडणारा दिसायला भाऊ-भाऊ. पण फरक बघा. मल्लखांबात शरीराचा निदान एक भाग बहुतेक वेळ खांबाला असतो आणि घर्षण वेग खाऊन टाकतं. रिंगमध्ये धरायला काहीच नाही. आहे तो फक्त दुसरा माणूस.

आणि माणूस चुकतो, दोर निसटतो, अंतराचा अंदाज फसतो. ३० मार्च २००३ ला सिएटलमध्ये ब्रॉक लेस्नरने 'शूटिंग स्टार प्रेस' घेतला. तोंड पुढे, झेप पुढे आणि गिरकी मागे, अशी ती अवघड उडी. वजन १३० किलोच्या घरात, खालचा कर्ट अँगल लांब पडलेला. गिरकी पुरी झाली नाही आणि तो डोक्यावर आदळला. मेंदूला मार बसला, मानेचं थोडक्यात वाचलं. जपानच्या हायाबुसाचं नशीब तेवढंही नव्हतं. २२ ऑक्टोबर २००१ ला दोरावरून मूनसॉल्ट घेताना त्याचा पाय घसरला, तो मानेवर पडला आणि शरीर लुळं पडलं. ती उडी त्याने शेकडो वेळा घेतलेली होती. आणि मघाचा डायनामाइट किड? त्याच्या पाठीची अशी दशा झाली, की आयुष्याची शेवटची वीसेक वर्षं त्याने व्हीलचेअरवर काढली.

हे सांगायचं कारण समोर बसलेले पालक. पोरं पलंगावरून, कठड्यावरून उड्या मारतात आणि मोबाइलवर व्हिडिओ काढतात. त्यांना 'ते सगळं खोटं असतं' असं कृपा करून सांगू नका. मुलगा त्यातून एवढंच ऐकतो, की मग लागत नसणार. खाली झेलणारा शिकलेला असतो, वरचा आधी वर्षभर नुसतं पडायला शिकलेला असतो, हे सांगा. पडणं आधी, कोलांटी नंतर, उंची सर्वांत शेवटी, आणि तीही मॅटवर, शिक्षकासमोर. आणि कुणी मानेवर पडलाच, तर हाताला धरून उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. डोकं-मान आहे तशी स्थिर धरून ठेवा आणि १०८ ला फोन करा. मार बसल्यानंतरच्या त्या घाईघाईच्या उचलण्यातही मज्जारज्जूला इजा होऊ शकते.

शेवटी चिठ्ठीवर आलेला एक प्रश्न घेऊ. मल्लखांबाचा मुलगा उद्या अशा रिंगमध्ये गेला तर चमकेल का? शरीर तयार असेल, यात शंका नाही. उलटं असताना तो गोंधळणार नाही, पाठ वाकेल, पकड लोखंडी असेल. पण एक गोष्ट त्याला पहिल्यापासून शिकावी लागेल. खांब आपल्या जागी पक्का पुरलेला असतो, तो आहे का हे बघावं लागत नाही. रिंगमध्ये उडी घेण्याआधी खालच्याचे डोळे बघावे लागतात, तो तयार आहे ना म्हणून. शिवाय पहिले कित्येक महिने त्याच्या वाट्याला उडी येणारच नाही. त्याला खाली उभं करतील आणि दुसऱ्यांना झेलायला लावतील.