बायबलमध्ये म्हटलंय... खरंच?

‘बायबल म्हणतं’ असं म्हणत आपण जी वाक्यं बिनधास्त फेकतो, त्यातली कितीतरी बायबलमध्ये नाहीतच. काही अर्धी कापलेली आहेत, काही भलत्याच पुस्तकातून आलेली. मग ती आली कुठून? आणि आली तर आली, आपल्याला काय फरक पडतो?

समजा, तुम्ही जीडीला बसलाय. विषय नेहमीचाच, ‘यश नशिबाने मिळतं की मेहनतीने?’ समोरचा मुलगा घसा खाकरतो आणि म्हणतो, ‘बायबलमध्येच म्हटलंय, गॉड हेल्प्स दोज हू हेल्प देमसेल्व्हज.’ सगळे माना डोलावतात. तुम्हाला खरं तर म्हणायचं असतं की बाबा रे, प्रत्येकाची सुरुवात सारख्या ठिकाणाहून होत नाही. पण त्याने डायरेक्ट बायबल काढलं! आता त्याच्यापुढे काय बोलणार? तुम्ही गप्प. पॉइंट त्याचा.

गंमत म्हणजे हे वाक्य बायबलमध्ये कुठेच नाही. जुन्या करारात नाही आणि नव्या करारातही नाही.

आणि चुकणारा तो मुलगा एकटा नाही. जिथे घरोघरी बायबल असतं त्या अमेरिकेत ‘बार्ना ग्रुप’ या संस्थेने लोकांना या वाक्याबद्दल विचारलं, तेव्हा बहुसंख्यांनी ते बायबलमधलंच असल्याचं सांगितलं.

बैलगाडीपासून पंचांगापर्यंत

मग हे वाक्य कुणाचं? त्यातली कल्पना इसापच्या गोष्टींइतकी जुनी आहे. एका गाडीवानाची गाडी चिखलात रुतते. तो खाली उतरून चाकाला हात लावायचं सोडून हेराक्लिस देवाचा धावा करत बसतो. देव येतो आणि त्यालाच झापतो, की आधी खांदा लाव, मग मला हाक मार. इंग्रजीत आज जे रूप आपल्याला माहीत आहे, ते अल्जर्नन सिडनी या राजकीय विचारवंताच्या १६९८ मध्ये छापलेल्या पुस्तकात सापडतं. पुढे बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ च्या आपल्या ‘पुअर रिचर्ड’ या पंचांगवजा वार्षिकात ते घातलं. हे वार्षिक घराघरांत जायचं. वाक्य लोकांच्या तोंडी बसलं, त्यात ‘गॉड’ हा शब्द होता, मग ते बायबलचं झालं. आपल्या ‘प्रयत्नांती परमेश्वर’चाच हा भाऊ समजा.

आता बायबल काय म्हणतं ते बघा. कष्टाचं कौतुक तिथेही आहे. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात आळशी माणसाला चक्क मुंगीकडे शिकवणीला पाठवलंय. पण ज्याला स्वतःची मदत करता येत नाही त्याला देव सोडून देतो, असा सूर तिथे नाही. उलट लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात शेतकऱ्याला सांगितलंय की कापणी करताना शेताच्या कडेपर्यंत सगळं पीक काढू नकोस, पडलेली कणसं वेचू नकोस. ती गरिबासाठी आणि परक्या माणसासाठी राहू दे.

फरक लक्षात आला? जीडीतलं वाक्य ऐकून गरीब माणसाकडे बघून म्हणता येतं, ‘याने प्रयत्न केले नसतील.’ शेताच्या कडेची गोष्ट वाचल्यावर प्रश्न शेतमालकाला पडतो, आपण त्याच्यासाठी काय शिल्लक ठेवलं?

अर्धंच वाक्य उचललं

दुसरा प्रकार कापाकापीचा. ‘मनी इज द रूट ऑफ ऑल ईव्हिल’, म्हणजे पैसा हे सगळ्या पापाचं मूळ. हे तर बायबलमध्ये नक्की आहे ना? जवळपास आहे. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातल्या दहाव्या वचनात ते सापडतं. पण तिथे वाईटाच्या मुळाशी पैसा ठेवलेला नाही, पैशाचा लोभ ठेवलाय. एक शब्द गळाला आणि सगळा अर्थच फिरला.

पैसा वाईट म्हटलं की दोन सोयी होतात. ज्याच्याकडे पैसा नाही त्याला ‘बरं झालं, तू सुटलास’ असं सांगता येतं. आणि ज्याच्याकडे आहे त्याला नोटेवर ढकलून मोकळं होता येतं, आपण काय, पैसाच वाईट! मूळ वाक्य कुणालाच असं सुटू देत नाही. लोभ खिसा रिकामा असतानाही असू शकतो. पहिला पगार झाल्याचा मेसेज आल्यावर आनंद झाला म्हणून तुम्ही पापी ठरत नाही. तो पगार किती असला म्हणजे पुरे, याचं उत्तर मात्र तुम्हालाच शोधावं लागतं.

छडीचा खरा पत्ता

‘स्पेअर द रॉड अँड स्पॉइल द चाइल्ड.’ छडी आवरली की मूल बिघडलंच म्हणून समजा. हे वाक्य सांगून जगभरात किती पोरांनी मार खाल्ला असेल, देव जाणे.

या शब्दांत हे वाक्य आलंय ते सॅम्युअल बटलरच्या ‘ह्युडिब्रास’ या १६६०च्या दशकातल्या विनोदी काव्यात. तिथला प्रसंग शाळेचा नाही, घरातलाही नाही. ह्युडिब्रास नावाचा फजिती झालेला सरदार खोड्यात अडकून पडलाय आणि एक श्रीमंत विधवा त्याला सांगतेय की माझ्यावर प्रेम असेल तर स्वतःला फटके मारून दाखव. म्हणजे ज्या ओळीच्या जोरावर हेडमास्तरांनी छड्या मारल्या, ती निघाली एका चावट जोकमधली!

पण इथे एकदम टाळ्या वाजवू नका. बायबलमध्ये छडीचा उल्लेखच नाही, असंही नाही. नीतिसूत्रांच्या १३व्या अध्यायात म्हटलंय की जो छडी आवरतो तो मुलावर प्रेम करत नाही. प्रेम करणारा त्याला वेळीच शिस्त लावतो. छडीसाठी तिथे जो हिब्रू शब्द आहे, तोच स्तोत्रसंहितेच्या २३व्या स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीसाठी येतो आणि त्या काठीचा धीर वाटतो असं तिथे म्हटलंय. त्यामुळे ही छडी फटका मारणारी की वाट दाखवणारी, यावर वाद होऊ शकतो, होतोही. मुद्दा इतकाच, की वाद मूळ वचनावर व्हायला हवा, विनोदी काव्यातल्या ओळीवर नको. आपल्याकडे तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदीच घातलीय.

सगळ्यात जास्त टोचणारं वाक्य

आता थोडं सिरियस. तुमच्या ग्रुपमधल्या कुणाचे तरी बाबा गेलेत. किंवा कुणाचा सलग तिसरा अटेम्प्ट गेलाय आणि तो रूमचं दार लावून बसलाय. अशा वेळी काय बोलायचं ते आपल्याला सुचत नाही. मग कुणीतरी एक पोस्ट फॉरवर्ड करतं, पाठीमागे सूर्योदय आणि वर अक्षरं: देव तुम्हाला पेलवेल त्यापेक्षा जास्त ओझं कधीच देत नाही. खाली बारीक अक्षरात ‘बायबल’.

पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याला ते ओझं पेलत नाहीये, त्याने ही पोस्ट वाचून काय समजायचं? देवाने माप बरोबर घेतलं होतं, मीच कमी पडलो? दुःख होतंच, आता वर अपराधी वाटणंही आलं. आणि ‘मला झेपत नाहीये, मदत कर’ हे म्हणायची वाटही बंद झाली.

हे वाक्य बहुतेक करिंथकरांना लिहिलेल्या पौलाच्या पहिल्या पत्रातून निघालंय, अध्याय १०, वचन १३. पण ते वचन एकटं वाचू नका, त्याच्या आधीची दहा-बारा वचनंही वाचा. तिथे मूर्तिपूजा, व्यभिचार, कुरकुर यांच्या मोहात पडलेल्या लोकांचा विषय चाललाय. मोह आवरता येणार नाही इतका मोठा नसतो, त्यातून बाहेर पडायची वाट असते, असं पौल सांगतोय. वडील जाणं, आजारपण, नापास होणं हा तिथला विषयच नाही.

आणि ओझ्याबद्दल तोच पौल काय म्हणतो? करिंथकरांच्याच दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात तो सरळ कबूल करतो की आमच्यावर आमच्या ताकदीपलीकडचा भार पडला होता, इतका की जगण्याचीही आशा उरली नव्हती. म्हणजे ज्याच्या नावावर आपण ‘सगळं पेलवतं’ म्हणतो, त्यानेच लिहून ठेवलंय की मला पेलवलं नव्हतं. दार लावून बसलेल्या मित्राला यातली कुठली गोष्ट जास्त आधार देईल? पोस्ट राहू दे. दार वाजवा आणि शेजारी जाऊन बसा.

सगळीच काही वाईट नाहीत

बायबलच्या नावावर फिरणारं प्रत्येक वाक्य काही घातक नसतं. ‘दिस टू शॅल पास’, आपलं ‘हेही दिवस जातील’, घ्या. हे फारसी सूफी साहित्यातून आलेलं मानतात. ज्यू लोककथांमध्ये ते राजा शलमोनाच्या नावाने येतं, आणि शलमोन बायबलमध्ये आहे, म्हणून वाक्यही बायबलमध्ये जाऊन बसलं. अब्राहम लिंकनने १८५९ मध्ये मिलवॉकीच्या शेती प्रदर्शनात ही गोष्ट सांगितली, तेव्हा पूर्वेकडच्या कुठल्याशा राजाच्या नावाने सांगितली. आपल्याकडे तीच गोष्ट अकबर-बिरबलाच्या नावावर खपते. ज्याला जो राजा ओळखीचा, त्याच्या दरबारात ती जाते.

‘क्लीनलिनेस इज नेक्स्ट टू गॉडलिनेस’ हे शाळेच्या भिंतीवरचं वाक्य १८व्या शतकात मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीने पोशाखावरच्या एका प्रवचनात वापरलं आणि ते गाजलं. बायबलमध्ये मार्कच्या सातव्या अध्यायात मात्र येशूचे शिष्य रिवाजाप्रमाणे हात न धुता जेवायला बसलेत म्हणून तक्रार होते, आणि येशू तक्रार करणाऱ्यांनाच सांगतो की माणूस विटाळतो तो आतून. (म्हणून मेसमध्ये हात न धुता बसू नका. तो मुद्दा वेगळा होता!)

चित्रांनीही आपल्याला असंच फसवलंय. एदेन बागेतलं ते फळ सफरचंद होतं, असं उत्पत्तीच्या पुस्तकात म्हटलेलं नाही. लॅटिनमध्ये ‘वाईट’ आणि ‘सफरचंद’ हे शब्द जवळपास सारखे, त्यामुळे ही समजूत पक्की व्हायला मदत झाली. योनाला गिळणारा देवमासा नव्हता, नुसता ‘मोठा मासा’ आहे. बाळ येशूला भेटायला आलेले ज्ञानी तीन होते असंही मत्तय सांगत नाही. भेटवस्तू तीन होत्या, मग आपण माणसंही तीन केली. आणि सिंहाशेजारी बसलेलं ते गोड कोकरू? यशयाच्या ११व्या अध्यायात कोकरासोबत लांडगा आहे.

चेक करायला दोन मिनिटं

खरं म्हणजे पडताळायला बायबलइतकं सोपं पुस्तक शोधून सापडणार नाही. १३व्या शतकात स्टीफन लँग्टनने त्याचे अध्याय पाडले. १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या मुद्रकाने नव्या करारातल्या वचनांना नंबर दिले. म्हणून कुणी ‘बायबल म्हणतं’ म्हणालं की फक्त इतकं विचारायचं: कुठलं पुस्तक, कितवा अध्याय, कितवं वचन? उत्तर आलं नाही तर शंका घ्या. आलं तर ते वचन काढा आणि त्याच्या आधीची-नंतरची पाच-दहा वचनंही वाचा. मोबाइलवर मराठी बायबल आहे, दोन मिनिटांचं काम.

हेच काम दोन मिनिटांत होत नव्हतं, तेव्हा एका मराठी बाईने त्यासाठी आयुष्याची कितीतरी वर्षं दिली. पंडिता रमाबाई. संस्कृतवरच्या प्रभुत्वामुळे ज्यांना ‘पंडिता’ म्हटलं गेलं, त्या रमाबाई बायबलसाठी पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. मराठीत बायबलची भाषांतरं आधीपासून होती. पण ती साध्या बायकांना समजत नाहीत असं त्यांना वाटायचं. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांपर्यंत गेल्या आणि पुणे जिल्ह्यात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. छापखान्यातलं काम तिथल्याच बायका करत होत्या. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, त्याच्या थोडंच आधी काम हातावेगळं झालं होतं. पुस्तक बाहेर आलं १९२४ मध्ये.

त्यांच्या श्रद्धेशी तुमचं जमो न जमो, ‘कुणीतरी सांगितलं’वर न थांबता मुळापर्यंत जायची ही सवय आपल्या कामाची आहे. कारण हा रोग काही फक्त बायबलला झालेला नाही. गांधीजी, चाणक्य, आइनस्टाइन, कलाम सर, कुणाच्याही फोटोखाली काहीही छापता येतं, आणि फोटो मोठ्या माणसाचा असला की आपण प्रश्न विचारायचं सोडून देतो.

तेव्हा पुढच्या जीडीत कुणी बायबल काढलं तर गप्प बसू नका. भांडूही नका. हसून विचारा, ‘कितवं वचन रे?’ आणि तो मोबाइल शोधतोय तोवर, मघाशी राहिलेला तुमचा मुद्दा मांडा.