दिवाळीचे पार्सल आणि व्यापाऱ्याचा शब्द

धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी आपणां सर्वांना सिद्धक्षेत्र म्हणून वंदनीय आहे. याच परिसरातील खवाही दूरवर प्रसिद्ध आहे. आता खवा, पेढे, फराळ यांची मागणी मोबाईलवरूनही येते. मात्र दिवाळीच्या तोंडावर पार्सल वाटेत अडकले की माल नासतो आणि ग्राहकाचा विश्वासही जातो.

टपालाची वर्गवारी सहा अंकी पिनकोडवरून होते. संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिले तीन अंक वर्गवारीचा जिल्हा, तर अखेरचे तीन वितरण कार्यालय दर्शवितात. सणात पार्सलांचा ढीग वाढतो, त्यातच सुट्ट्या येतात. अशा वेळी एक अंक चुकला तरी पार्सल भलत्याच गावी जाऊन आणखी मागे पडते.

म्हणून खव्यासारख्या नाशवंत मालाची मागणी जवळच्या गावांपुरतीच घ्यावी. टिकाऊ फराळ सणाच्या दहा-बारा दिवस आधी रवाना करावा आणि मागणी स्वीकारण्याची अखेरची तारीख आरंभीच कळवावी. उशिरा आलेली मागणी नम्रपणे नाकारल्यास एकच विक्री हुकते. पाळता न येणारा शब्द दिल्यास ग्राहक कायमचा दुरावतो.