क्लाइडकाठचं कसब, औंढ्याचा माळ

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि २,६०० कोटींचा खर्च, एवढं हिंगोली जिल्ह्यात बहुतेकांच्या कानावर आहे. असल्या यंत्रातले जड आरसे टांगायची युक्ती ज्या गावात पिकली, त्या ग्लासगोबद्दल मात्र आपल्याकडे कोणी बोलत नाही.

स्कॉटलंडमधलं हे शहर अठराव्या शतकात व्हर्जिनियाच्या तंबाखूवर गबर झालं. ती तंबाखू गुलामांकडून पिकवून घेतलेली होती, हेही सांगायला हवं. शहरातून वाहणारी क्लाइड तेव्हा इतकी उथळ होती की मोठी जहाजं खालीच थांबत. नदी खणून खोल केली, तेव्हा कुठे बंदर शहरापर्यंत आलं. इथलं विद्यापीठ १४५१चं. तिथे उपकरणं दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅटकडे वाफेच्या इंजिनाचा एक नमुना दुरुस्तीला आला आणि १७६५ मध्ये त्याला वाफ वेगळ्या भांड्यात थंड करण्याची कल्पना सुचली. पुढे आसपासचा कोळसा, लोखंड आणि कामाच्या शोधात आलेली माणसं यांनी बाकीचं केलं. पहिल्या महायुद्धाआधी जगातल्या नव्या जहाजांपैकी सुमारे पाचवा हिस्सा क्लाइडकाठी बांधला जाई. १९०३ मध्ये रेल्वे इंजिनांचे तीन कारखाने एकत्र येऊन नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी झाली. आपल्या मीटरगेजवर धावलेल्या वायपी इंजिनांपैकी काही तिथलीच. मजूर मात्र कोंदट चाळींत दाटीवाटीने राहत.

मग ओहोटी लागली. १९६२ मध्ये इंजिनाचा कारखाना बुडाला. १९७१ मध्ये जहाजबांधणीचे कारखाने बंद पडायची वेळ आली, तेव्हा कामगारांनी संप केला नाही. जिमी रीडसारख्या पुढाऱ्यांच्या मागे उभं राहून त्यांनी काम चालूच ठेवलं. मला या शहरातली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. एकेकाळी दहा लाखांवर गेलेली वस्ती आज सहा लाखांच्या थोडी पुढे आहे.

पण विद्यापीठातली कारागिरी टिकली. लायगोच्या जनकांपैकी रोनाल्ड ड्रेव्हर इथलेच. इथल्या चमूने शुद्ध सिलिकाची कांडी लेझरने तापवून, ओढून तंतू काढायचं तंत्र बसवलं. अमेरिकेतल्या लायगोचा ४० किलोचा आरसा जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीच्या चार काचतंतूंवर टांगलेला असतो. १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वलहर पहिल्यांदा टिपली, ती अशा आरशांनीच.

औंढ्याची जागा निवडली ती जमीन शांत, म्हणजे हादरे कमी, म्हणून.

वेधशाळा येईल, शास्त्रज्ञ येतील. औंढा, कळमनुरी, सेनगावच्या आयटीआयमधली पोरं तिथे लेथवर, भुजांमधल्या निर्वात नळ्यांच्या जोडणीवर दिसणार की नुसती फाटकावर पहारा देताना, हे आत्ता ठरतंय. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी आणि महाविद्यालयांनी प्रशिक्षणाची मागणी आजच लावून धरावी.