विशालकोनी भिंग आणि दहा फुटांची खोली

कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने व्याख्यानमालेत बोनस, वेतनकरार किंवा कायदा यांवर बोलावे, छायाचित्रणाच्या वाटेला त्याने का जावे, असे काही श्रोत्यांच्या मनात आले असल्यास ते स्वाभाविक आहे. या विषयाचे आमचे शिक्षण कोणत्याही संस्थेत झालेले नाही. जुन्या बाजारातली पुस्तके, दुसऱ्याने वापरून विकलेला एक कॅमेरा आणि पाळी सुटल्यानंतरचा वेळ, एवढ्या भांडवलावर जे शिकता आले ते शिकलो. परंतु ज्या कामासाठी कॅमेरा हाती घ्यावा लागला ते कामच आमचा गुरू ठरले. कामगाराची राहती खोली, यंत्रमागाची शेड, बॉयलरजवळची बोळकांडी, या सगळ्या जागांचा एक गुण समान असतो : तेथे छायाचित्र काढणाऱ्याला मागे सरकायला वाव नसतो. पाठ भिंतीला टेकते आणि तरीही समोरचे सारे चित्रात मावत नाही. विशालकोनी भिंगाशी, म्हणजेच ज्याला बाजारात ‘वाइड अँगल लेन्स’ म्हणतात त्याच्याशी, आमची ओळख अशी गरजेपोटी झाली.

प्रथम हे भिंग म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक भिंगावर मिलिमीटरमध्ये एक आकडा कोरलेला असतो. ते त्याचे नाभीय अंतर. हा आकडा जितका लहान, तितका भिंगाचा दृष्टिकोन रुंद. फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यात एका चित्राची चौकट ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असे. आजही ‘फुल फ्रेम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांत मोजमाप तेच आहे. या चौकटीसाठी ५० मिलिमीटरचे भिंग ‘सामान्य’ मानतात, आणि ३५ किंवा त्याहून कमी आकड्याच्या भिंगांना विशालकोनी म्हणतात.

केवळ व्याख्या सांगून भागत नाही, म्हणून हिशेब मांडू. ३६ ला भिंगाच्या आकड्याने भागावे आणि येणाऱ्या उत्तराने समोरच्या अंतराला गुणावे. तेवढी रुंदी चित्रात येते. समजा, आपण दहा फुटांवरच्या भिंतीकडे तोंड करून उभे आहोत. ५० मिलिमीटरच्या भिंगात त्या भिंतीचा सुमारे ७ फूट भाग येईल. ३५ च्या भिंगात १० फुटांहून किंचित अधिक, २८ च्या भिंगात सुमारे १३, २४ च्या भिंगात १५ आणि २० च्या भिंगात १८ फूट. १८ मिलिमीटरच्या भिंगाचा आडवा कोन बरोबर ९० अंशांचा भरतो. म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकून उभे राहिले तर दोन्ही बाजूंच्या भिंती चित्रात जेमतेम येतात. मुंबईत १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची, आणि तेवढ्यात कुटुंबेच्या कुटुंबे वाढली. अशा घरात चूल, पाळणा, अभ्यास करणारे पोर आणि अंथरुणाची वळकटी यांचा एकमेकांशी असलेला शेजार दाखवायचा, तर ५० च्या भिंगाने ते साधत नाही. ते एकेक वस्तू सुटी करून दाखवते.

आता निवडीचा प्रश्न. दुकानात जाण्यापूर्वी आपल्या कॅमेऱ्यातील संवेदकाचा, म्हणजे सेन्सरचा, आकार विचारून घ्यावा. पुष्कळ कॅमेऱ्यांत तो फुल फ्रेमहून लहान असतो आणि भिंगाचा आकडा सुमारे दीडपट धरावा लागतो. तेथे २८ चे भिंग ४२ सारखे वागते आणि विशालकोनी राहत नाही. पण याच कॅमेऱ्यांबरोबर बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरचे बदलते भिंग मिळते, आणि त्यातील १८ म्हणजे हिशेबाने २७ झाले. ज्यांच्या घरी असा कॅमेरा आहे त्यांच्याजवळ विशालकोनी भिंग आधीपासूनच आहे; नवे घेण्यापूर्वी तेच वर्षभर १८ वर ठेवून वापरावे. मोबाइलचेही तसेच. त्याचा मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २८ च्या तोडीचा असतो, आणि ज्यावर ०.५ किंवा ०.६ असे लिहिलेले दिसते तो त्याहूनही बराच रुंद. खिशात एवढे असताना कर्ज काढून भिंग घेण्याचे कारण नाही, हे आम्ही पगारदार श्रोत्यांना आवर्जून सांगतो.

तरीही स्वतंत्र भिंग घ्यावयाचे ठरलेच, तर पहिले भिंग फुल फ्रेमच्या मापाने २८ किंवा २४ चे असावे. ३५ चे भिंग सौम्य आहे, पण लहान खोलीत ते अपुरे पडते. २० च्या खाली गेले की वस्तू ताणल्या जाऊ लागतात आणि पाहणाऱ्याचे लक्ष माणसावरून उडून भिंगाच्या करामतीवर जाते. ब्राझीलचे सेबास्तियाव साल्गादो (१९४४–२०२५) हे मुळात अर्थशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी १९८६ साली सेरा पेलादा येथील सोन्याच्या खाणीत चिखलाने माखलेल्या हजारो मजुरांची चित्रे घेतली आणि १९९३ मध्ये जगभरच्या श्रमिकांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांची भिस्त २८, ३५ आणि ६० अशा मोजक्या भिंगांवर असे. भिंगांचा ढीग घेऊन फिरण्याची आवश्यकता त्यांना भासली नाही, तर आपल्याला ती का भासावी?

जुने भिंग घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. आपल्याकडील पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, भिंगाच्या आत बुरशी धरते. भिंगाच्या एका टोकाकडून विजेरीचा झोत टाकून दुसरीकडून पाहिले की तिचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. असे भिंग स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. दुसरे, विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा अगदी काटकोनात धरून एक चित्र घ्यावे. विटांच्या रांगा कडेला पिंपासारख्या फुगलेल्या दिसल्या, किंवा एकच कोपरा पुसट आला, तर त्या भिंगाचा दोष उघड होतो.

तंत्राच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या हाताच्या सवयीच्या झाल्या पाहिजेत. प्रकाशाचे प्रमाण तिघांच्या हाती असते : भिंगाचे छिद्र, झडप उघडी राहण्याचा काळ आणि संवेदनशीलता, जिला बाजारात आयएसओ म्हणतात. छिद्राचे आकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात आणि दर पायरीला प्रकाश निम्मा होतो. एकाने निम्मे केले की दुसऱ्याने दुप्पट द्यायचे, एवढेच हे गणित. कॅमेरा हातात धरला असता झडपेचा काळ सेकंदाच्या ‘एक भागिले भिंगाचा आकडा’ याहून अधिक नसावा, असा ठोकताळा आहे. ५० च्या भिंगाला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो, तर २८ चे भिंग तिसाव्या भागावर निभावून नेते. अंधाऱ्या शेडमध्ये ही सवलत मोलाची ठरते. मात्र त्यामुळे फक्त आपल्या हाताचा कंप झाकला जातो. समोर धावणारा धोटा किंवा हलणारा हात स्थिर दिसायचा असेल, तर काळ कमीच हवा.

दुसरी सवलत स्पष्टतेची. २८ च्या भिंगाचे छिद्र ८ वर ठेवून ११ फुटांवर नजर बांधली, तर सुमारे साडेपाच फुटांपासून थेट क्षितिजापर्यंत सारे रेखीव येते. मोर्चात, गर्दीत, दर वेळी भिंग फिरवीत बसण्याची गरज उरत नाही.

तिसरा नियम कॅमेरा सरळ धरण्याचा. विशालकोनी भिंग वर उचलले की गिरणीची चिमणी मागे कलते आणि इमारतीच्या भिंती वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. उंची हवी असेल तर जिना चढावा, गच्ची शोधावी, पण कॅमेरा पातळीत ठेवावा. चौथा नियम कडांचा. २० च्या भिंगात चित्राच्या अगदी डाव्या-उजव्या कडेला आलेले डोके सुमारे एक तृतीयांशाने रुंद दिसते. म्हणून सामुदायिक छायाचित्रात कडेला उभ्या केलेल्या बिचाऱ्या सभासदाची थट्टा होते. माणसे मध्याकडे घ्यावीत, कडेला दार, भिंत, यंत्र येऊ द्यावे.

यापुढचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विशालकोनी भिंग जवळच्या वस्तूला मोठे करते आणि दूरच्या वस्तूला पळवून लावते, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः ही करणी भिंगाची नसून आपण कोठे उभे राहतो त्याची आहे. एकाच जागेवरून २८ आणि ५० अशा दोन्ही भिंगांनी चित्र घ्यावे आणि पहिल्याचा मधला भाग वाढवून दुसऱ्याशी ताडून पाहावा; दोन्हींतील वस्तूंचे परस्पर प्रमाण एकच दिसेल. फरक पडतो तो असा, की रुंद भिंग आपल्याला फार जवळ जाऊ देते. नाकापासून कॅमेरा एक फुटावर असेल तर पाच इंच मागे असलेले कान नाकाच्या मानाने फार लहान पडतात. पाच फुटांवरून तोच फरक जाणवतही नाही. तेव्हा भिंग निवडणे म्हणजे आपली उभे राहण्याची जागा निवडणे होय.

आणि जागा निवडली की जबाबदारीही आली. घरे विकणाऱ्यांच्या जाहिराती पाहाव्यात. दहा फुटांची खोली त्यांत दिवाणखान्यासारखी पसरलेली असते, कारण ती कोपऱ्यातून, अतिरुंद भिंगाने टिपलेली असते. तेच भिंग आमच्या हाती आले तर चाळीतली कोंदट खोलीही प्रशस्त भासते, आणि ज्यांच्या बाजूने बोलायचे त्यांच्याविरुद्धच आमचे चित्र साक्ष देते. एका कारखान्यातील अपघाताच्या चौकशीत आम्ही हे प्रत्यक्ष पाहिले. दोन यंत्रांमधल्या वाटेवर एका कामगाराचा हात पट्ट्यात सापडला होता. मालकपक्षाने वाटेच्या तोंडाशी, जमिनीजवळ कॅमेरा धरून घेतलेले चित्र पुढे केले. त्यात ती वाट हमरस्त्यासारखी रुंद दिसत होती. आमच्यातील एका तरुणाने लांबून, तिरप्या बाजूने, मोठ्या आकड्याच्या भिंगाने चित्र घेतले होते. त्यात यंत्रे एकमेकांना चिकटलेली आणि वाट म्हणजे केवळ फट. दोन्ही चित्रे खरी, आणि दोन्ही निरुपयोगी. शेवटी वाटेवर मोजपट्टी आडवी धरून, एका माणसाला तेथे उभे करून, सरळ समोरून तिसरे चित्र घेतले. पट्टीवर पावणेदोन फूट वाचता येत होते. त्यानंतर चौकशीत शब्दांऐवजी फुटांवर बोलणे सुरू झाले.

ही युक्ती आमची नवी नाही. अमेरिकेतील लुईस हाइन हे पेशाने शिक्षक. १९०८ पासून त्यांनी तेथील राष्ट्रीय बालमजुरी समितीसाठी सूतगिरण्या, खाणी आणि काचेचे कारखाने यांतील मुलांची चित्रे घेतली. कारखान्यात प्रवेश मिळणे कठीण, म्हणून ते वेळोवेळी निराळी बतावणी करीत. मुलाची उंची विचारता येत नसे, तेव्हा आपल्या कोटाच्या गुंड्यांशी ती ताडून पाहत आणि खिशातल्या खिशात टिपून ठेवीत. चित्र, माप आणि टिपण ही तिन्ही एकत्र असल्यामुळे त्यांचे काम नाकारणे कारखानदारांना अवघड गेले. १९१६ साली बालमजुरीविरुद्धचा संघराज्याचा पहिला कायदा झाला; १९१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला, आणि पक्का कायदा व्हायला १९३८ साल उजाडले. चित्राने एका दिवसात न्याय मिळतो असा भ्रम कोणी बाळगू नये. चित्र पुरावा देते. तो लढवावा माणसांनाच लागतो.

आणखी एक गोष्ट. रुंद भिंगाने काम करणारा माणसाच्या तीन-चार फुटांवर येतो. लांबून चोरून टिपण्याची सोय तेथे नाही, आणि ते चांगलेच आहे. समोरच्या बाईला किंवा बाप्याला विचारावे, चित्र कशासाठी ते सांगावे, आणि चेहरा दिसल्याने त्याच्या भाकरीवर गदा येणार असेल तर हात दाखवावेत, पाठ दाखवावी. परवानगी मागितल्याने चित्र बिघडत नाही. उलट माणूस मोकळा होतो आणि खोलीतील जी वस्तू दाखवायची राहिली असती ती स्वतः पुढे आणून ठेवतो.

ज्यांना शिकायचे आहे त्यांनी येत्या रविवारी एक साधा अभ्यास करावा. आपलीच राहती खोली घ्यावी. मोबाइल असो वा कॅमेरा, एकच रुंद भिंग ठेवावे. एक चित्र दारातून, एक कोपऱ्यातून आणि एक खोलीत काम करणाऱ्या माणसाच्या चार फुटांवर उभे राहून घ्यावे. कॅमेरा तिन्ही वेळा पातळीत असावा. मग ती चित्रे खोली कधीही न पाहिलेल्या माणसाला दाखवून लांबी-रुंदी विचारावी आणि पट्टीने मोजून ताडा घ्यावा. ज्या चित्रावरून त्याचा अंदाज खऱ्याच्या सर्वांत जवळ आला, त्या चित्राची जागा लक्षात ठेवावी. उद्या शेजाऱ्याच्या गळक्या छपराचे किंवा कारखान्यातील अरुंद वाटेचे चित्र काढण्याची वेळ आली, तर कोठे उभे राहायचे ते पायांना आपोआप ठाऊक असेल.