न पिसलेले पत्ते

‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञाने १९९३ मध्ये निर्माण केला. तेव्हापासून हजारो निरनिराळे पत्ते निघाले. त्यांतून स्वतःचा कॅट जुळवायचा, येथेच नवखा खेळाडू अडतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘फाउंडेशन्स’ मालिकेसोबत आलेली ‘बिगिनर बॉक्स’ ही पेटी त्याची ही अडचण बरीचशी दूर करते.

पेटीत प्रत्येकी २० पत्त्यांचे १० गठ्ठे आहेत. त्यांपैकी मांजरे आणि व्हॅम्पायर हे दोन गठ्ठे पहिल्या डावात पिसायचे नाहीत. त्यांचा क्रम आधीच लावलेला असून सोबतच्या पुस्तिका सुरुवातीच्या खेळ्या हाताला धरून शिकवतात. न पिसता पत्ते वाटणे आपल्याकडे लबाडी ठरेल. येथे तीच शिकवणी आहे. पुढे कोणतेही दोन गठ्ठे एकत्र केले, की ४० पत्त्यांचा कॅट तयार. अशा ४५ जोड्या होतात.

खरी कसोटी पत्ते पिसल्यावर लागते. मंत्र टाकण्याची शक्ती ‘लँड’ या पत्त्यांतून मिळते. ते हाती आलेच नाहीत, तर उत्तमोत्तम पत्ते असूनही खेळाडू हात बांधून बसतो. पहिला, लावून दिलेला डाव नेमके हेच दडवतो. शिवाय स्वतःचा कॅट घेऊन उतरण्याच्या बहुतेक स्पर्धांत किमान ६० पत्ते लागतात. त्यांसाठी आणखी पत्ते विकत घ्यावेच लागतील.